गोळ्या चालू ठेवा

पाचूबंदर, वसई
८ फेब्रुवारी १९५४

चि. हिलरी,

तुझ्या मामाचे आणि मामीचे आशीर्वाद. डॉक्टर झाल्यापासून तुझी पत्रं औषधाच्या चिठ्ठीएवढी झाली आहेत. दोन ओळी आणि खाली न लागणारी सही. माझ्या वर्गात असतास तर हस्ताक्षराला भोपळा मिळाला असता. असो.

आज लिहायचं कारण तुझी मामी. काल रविवार, ईगर्जीतून मिस्सेची प्रार्थना आटोपून आलो. तिने तव्यावर बोंबील टाकले आणि एकाएकी पोट धरून चुलीपुढेच बसली. तोंड पांढरं पडलं, अंग घामाने निथळलं. मी ओवा दिला, बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं. शेजारची जयवंती धावत आली, तिने विटेचा शेक दिला. मार्गारेट ओरडणाऱ्यांतली नाही हे तुला ठाऊक आहे, पण माझं मनगट तिने असं आवळलं की अजून ठणकतंय. दुपार कलल्यावर कळ उतरली. बोंबलांचा मात्र कोळसा झाला, आणि बाईसाहेब शुद्धीवर येताच त्याबद्दल मलाच बोलल्या.

आज ती कामाला लागली आहे. "मना काय नाय झाला," म्हणते. लग्न झाल्यापासून या बाईला अंथरुणावर पडलेली मी पाहिली नाही. तुझ्या त्या जाड पुस्तकांत काही असेल तर कळव.

बाकी ठीक. मार्चअखेर मी निवृत्त होतो. शाळा बहुतेक घड्याळ देईल. आता वेळ बघायचं कारण उरणार नाही, तेव्हाच लोक घड्याळ देतात. मला विचारलं असतं तर मी पाग मागितला असता. तू मुंबईकर झालास म्हणून सांगतो, पाग म्हणजे उभ्याने फेकायचं गोल जाळं, कडेला सगळीकडून वजन लावलेलं. माझे बाबा ओहोटीला खाडीत गुडघाभर पाण्यात उभे राहून फेकायचे, तेव्हा तो हवेत ताटासारखा उघडायचा. मी पुस्तकं उघडत बसलो. बाबांच्या पागाची सुतळी कधीच कुजली, शिसं भंगारवाल्याकडे गेलं असणार. आता हाताने पाग विणून देणारं कोणी राहिलं नाही. म्हातारपणीचे डोहाळे, दुसरं काय!

तुझा,
प्लासिडमामा


मुंबई
११ फेब्रुवारी १९५४

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामीला वाकून नमस्कार. हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितोय. भोपळा परत घ्या.

पोटाचं दुखणं पत्रातून ओळखणं म्हणजे बंद डब्यातली मासळी ओळखणं, पण प्रयत्न करतो. मामीला ताप येतो का, उलटी होते का, शौचाला साफ होतं का, हे कळवा. कळ येते तेव्हा पोट दाबलं तर दुखणं वाढतं की बरं वाटतं? हे फार महत्त्वाचं. तोंडाला चव आहे का? आणि ती कसल्या गोळ्या घेते का, हे तिलाच विचारा. तुम्ही मास्तरकीच्या जोरावर उत्तर ठोकून देऊ नका. बायका कोणाकोणाकडून काय काय आणून खातात आणि आम्हाला शेवटी सांगतात.

अपेंडिक्स असेल तर हयगय चालणार नाही. पुन्हा कळ आली तर ओवा-हिंग करत बसू नका, सरळ तिला घेऊन या.

तुमचा,
हिलरी


पाचूबंदर
१७ फेब्रुवारी १९५४

चि. हिलरी,

तुझी प्रश्नपत्रिका मिळाली. अक्षर सुधारलंय, चार गुण देतो.

ताप नाही. उलटी एकदा झाली. शौचाचं विचारलंस, तर आठवड्यात एखादवेळ, तेही नावाला. पोट दाबलं तर तिला बरं वाटतं. परवा पुन्हा कळ आली तेव्हा जात्याची तळी पोटाशी धरून बसली होती, मला वाटलं बाई दळायला बसते आहे. तोंडाला चव नाही, सारखं गोडगोड लागतं म्हणते. आणखी एक तू विचारलेलं नाहीस, पण लिहितो. हल्ली तिच्या हातातून वस्तू पडतात. काल डाव पडला, सार सांडलं. मी म्हटलं, "म्हातारी झालीस." त्यावर जे ऐकावं लागलं ते डॉक्टरला कळवण्यासारखं नाही.

आता गोळ्यांचं. तुझा प्रश्न वाचून दाखवला तर ती एकदम लाजली. "हिलरीला कोनी सांगितला?" म्हणाली, मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. "त्याला लिवा, गोल्या रोज तोंडान असतात. जयवंतीच्या घरान. पन तुमी जास्त इचारू नका."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. जयवंतीचा दीर रामनाथ, आपला पोस्टमास्तर, त्याला होमिओपॅथीचा नाद आहे. तिकिटं कमी विकतो आणि साखरेच्या गोळ्या फुकट जास्त वाटतो. तुझी मामी रोज दुपारी सुकट निवडायला म्हणून जयवंतीकडे जाते आणि तासन्‌तास बसते, ते या गोळ्यांसाठी. तोंड गोड का लागतं तेही कळलं. भाचा डॉक्टर असताना पोस्टमास्तरचं औषध घेते म्हणून लाजली बिचारी. तू रागावू नकोस.

प्लासिडमामा


मुंबई
२१ फेब्रुवारी १९५४

प्रिय मामा,

दाबल्यावर बरं वाटतं आणि ताप नाही, म्हणजे अपेंडिक्सची भीती मी निम्मी सोडली. कोठा साफ नसल्याने वायू धरत असावा. रोज रात्री एरंडेल द्या, गरम दूध द्या. हातातून वस्तू पडतात तो अशक्तपणा असेल. ईस्टरला आलो की नीट तपासतो.

रामनाथकाकांवर मी कशाला रागावू? साखरेच्या गोळ्यांनी आजवर कोणाचं वाईट झाल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या शब्दांत मामीला वाचून दाखवा: मामी, गोळ्या चालू ठेव. बरं वाटत असेल तर दोन घेतेस तिथे चार घे. लाजू नकोस, डॉक्टरची परवानगी आहे.

तुमचा,
हिलरी


पाचूबंदर
२ मार्च १९५४

चि. हिलरी,

तुझा निरोप वाचून दाखवला. मामीला इतका आनंद झाला की मला थोडा मत्सरच वाटला. "बगा, डाक्तर बोलला चालू ठेव," असं जयवंतीला कुंपणावरून ओरडून सांगितलं. आता दुपारची तर जातेच, सकाळीही जाऊन बसते.

पण बाळ, मला ती बरी दिसत नाही. गाल उतरलेत, नखं पांढरी पडलीत. एरंडेल पोटात जातं आणि तिथेच राहतं. मी काही विचारलं की हसते आणि विषय बदलते. माझ्यापासून काही लपवते आहे अशी शंका येते, आणि बायका नवऱ्यापासून दुखणं लपवतात ते नवऱ्याला त्रास नको म्हणून. या विचाराने वर्गात माझं लक्ष लागत नाही. काल सातच्या पाढ्याची चूक मुलांनी काढली, माझी.

उद्या राखेचा बुधवार, मग उपासाचे दिवस सुरू. तिला म्हटलं, यंदा तुला उपास माफ. ऐकत नाही.

प्लासिडमामा


मुंबई
११ मार्च १९५४

प्रिय मामा,

सगळ्यात आधी हे वाचा: ऑपरेशन झालं नाही. होणारही नाही. मामीने आज भात आणि ताक घेतलं आणि "मीठ नाय" म्हणून तक्रार केली.

तुम्हाला वॉर्डातून घरी पाठवलं ते रागाने नव्हे. पण बायकांच्या वॉर्डात तुम्ही प्रत्येक नर्सला "निदान काय?" असं विचारत होतात आणि उत्तर आलं नाही की पुन्हा विचारत होतात. सोबतीला जयवंतीमावशी आहे, ते पुरे. मंगळवारी तुम्ही मामीला घेऊन आलात तेव्हाची तिची अवस्था पाहून आमचे मोठे डॉक्टर म्हणाले होते की आतड्याला पीळ पडलाय, पोट उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. मलाही तेच वाटलं. तुम्ही संमतीच्या कागदावर सही केलीत आणि माझ्याकडे न बघता गेलात. तो कागद काल संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी माझ्यासमोर फाडला.

कारण सापडलं आहे. ते काय, हे मात्र मला लिहिता येत नाही. मामीने रोझरी माझ्या हातात दिली आणि शपथ घातली. इतकंच सांगतो, गोळ्या बंद. काळजी करू नका.

तुमचा,
हिलरी


पाचूबंदर
१२ मार्च १९५४

हिलरी,

"काळजी करू नका" असं इस्पितळातून लिहून आलं की माणसाने काय समजावं, ते मी इतकं आयुष्य जगून शिकलो आहे. माझ्या आईच्या वेळीही डॉक्टर असंच म्हणाले होते. पोट उघडण्यात अर्थ नाही असं ठरलं, म्हणून कागद फाडला, होय ना? आणि तिने शपथ घातली मला कळू नये म्हणून. तू माझ्या बहिणीचा मुलगा आहेस. मला खरं सांग. मी मास्तर आहे, वाईट निकाल वाचायची मला सवय आहे.

आज सकाळी तुझं "गोळ्या बंद" वाचलं आणि तडक पोस्टात गेलो. रामनाथला खिडकीतूनच नको नको ते बोललो. तिकिटं घ्यायला आलेली माणसं ऐकत होती. तो बिचारा डिंकाचा ब्रश हातात धरून म्हणाला, "मास्तर, देवाशपथ, वहिनींना मी आजवर एक गोळी दिलेली नाही." मी म्हटलं, खोटं. पण त्याचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. मुलांचे चेहरे वाचण्यात माझा जन्म गेला.

मग ती तोंडात काय ठेवत होती? आणि जयवंतीच्या घरी?

घर मोठं वाटतंय. मला तिच्याशिवाय चहासुद्धा करता येत नाही, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ती गेली तर माझ्या निवृत्तीचं मी काय करू?

प्लासिड


मुंबई इस्पितळ
१३ मार्च १९५४

मास्तर,

मी मार्गारेट लिवते. चौथीपरेंत शिकली, हात वलत नाय, हसू नका.

मी मरत नाय. तुमी काय बी मनान आनता. रामनाथ भावजींसंगती भांडलाव ता हिलरीने वाचून दाकवला. त्यांची माफी मागा. त्यांनी मना कदी गोली दिली नाय.

तुमाला पाग पायजे होता. तुमच्या बापाचा पाग सडला, पन त्याचा शिसा मी इकला नाय. डब्यान ठेवला होता. जयवंतीने नवा पाग इनला. मी न ती, तिच्या मागच्या खोलीन दार लावून, ता शिसा कढईन पातल केला न त्याच्या नव्या गोल्या वतल्या. तुमी शालेतून येताना बगशाल म्हनून दार लावला. धूर लय व्हायचा. गोल्या दोरीवर बसवाला हातोडी पायजे, पन हातोडीचा आवाज तुमच्या कानावर जाईल. म्हनून दातान दाबल्या. जयवंतीला दात नाय, म्हनून ता काम माजा. दोरी धराला दोन हात लागतात, म्हनून गोल्या तोंडानच ठेवाच्या.

हिलरीने लिवला, गोल्या चालू ठेव, चार घे. मना वाटला त्याला कललाय न तो बोलते लवकर पुरा कर. म्हनून सकालची पन बसली.

आता गंमत गेली. ताचा मना वाईट वाटते, पोटाचा नाय. जरा कड रायली हाय. जयवंतीच्या खोलीन जाऊ नका, मी आली का दाकवीन. कोंबड्यांना दाना टाका. चहान आधी पानी उकलू द्या.

मार्गारेट

(याच कागदाखाली)

मामा, शपथ तिनेच सोडवली, आता लिहितो. ऑपरेशनच्या आधी पोटात काही नको म्हणून बुधवारी संध्याकाळी मी विचारलं, "मामी, आज रामनाथकाकांच्या गोळ्या घेतल्यास का?" ती म्हणाली, "त्यांच्या कुटल्या? माज्या हायत. आनल्यात दोन-चार, मास्तरांना सांगू नको." आणि ओच्याची गाठ सोडून एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मामा, साखरेची गोळी इतकी जड नसते.

शिसं पोटात साठत गेलं की आतडी आवळतात, आणि दुखणं असं होतं की भल्याभल्यांना पीळ पडल्याचा भास व्हावा. पोट उघडलं असतं तर आत काहीही सापडलं नसतं, आणि इतक्या पातळ रक्ताची मामी त्यातून उठली असती की नाही, सांगता येत नाही. शिसं हिरडीच्या कडेला निळी रेघ सोडतं. आम्ही तोंड पाहिलं होतं, पण मिशरीने काळ्या झालेल्या हिरड्यांत रेघ कुठली दिसणार? मग भिंगातून पाहिली, होती. रक्त काचेवर घेऊन पाहिलं, तांबड्या पेशींत निळे ठिपके. मोठे डॉक्टर हात धूत होते. त्यांनी गोळी ओल्या हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "ही पोटात जाण्याआधी खाडीत जायला हवी होती." शिरेतून कॅल्शियम दिल्यावर कळ उतरली. रक्त भरून यायला मात्र वेळ लागेल. जयवंतीमावशीलाही तपासलं. तिचे दात नाहीत ते बरं झालं.

"गोळ्या चालू ठेव" हे मी लिहिलं, माझ्या हाताने, मोठ्या अक्षरात. ते मला विसरता येणार नाही. यापुढे पेशंट गोळ्या म्हणाला की मी म्हणणार, दाखवा.

हिलरी


पाचूबंदर
१५ मार्च १९५४

मार्गारेट,

तुझं पत्र लाल शाई घेऊन वाचायला बसलो, सवयीने. टाक दौतीत बुडवला आणि तसाच राहिला. एकही चूक सापडली नाही.

रामनाथची माफी मागितली. त्याने मला चहा दिला. तो माझ्या चहापेक्षा बरा होता. कोंबड्या ठीक आहेत, तांबडी तुला शोधत दाराशी येते. जयवंतीच्या खोलीत मी गेलेलो नाही, पण खिडकीजवळून दोनदा गेलो, हे कबूल करतो.

बाबांचं शिसं तू इतकी वर्षं डब्यात ठेवलंस आणि मी भंगारवाल्याला दोष देत राहिलो. मला पाग नको, काही नको, तू ये. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तुझा,
प्लासिड


पाचूबंदर
२४ एप्रिल १९५४

चि. हिलरी,

ईस्टरला येऊन गेलास, मामीला दूध-अंड्यांची सक्ती करून गेलास, ती पाळते आहे. गालांवर रंग आला आहे. डाव हातात राहतो, कधीकधी माझ्या दिशेने उगारलाही जातो.

तुला एक शास्त्रीय शंका विचारायची होती. मी जन्मभर शिसपेन्सिल जिभेला लावून लिहिलं, मला काही कसं झालं नाही? रामनाथ म्हणतो, शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. पोस्टमास्तरवर विश्वास ठेवायचा की नाही ते कळव. निवृत्तीच्या समारंभात शाळेने घड्याळच दिलं. रामनाथने साखरेच्या गोळ्यांची एक बाटली दिली, वर चिठ्ठी चिकटवलेली: "या निर्दोष आहेत." सगळे हसले, मी सगळ्यात जास्त.

पागाची उरलेली कड मी पुरी केली. ओट्यावर बसून, भर दुपारी, हातोडीने. ठाक ठाक ऐकून सगळी आळी जमली. तुझ्या मामीला दोन हात लांब बसवली होती. तिथून ती मला चुका दाखवत होती. गोळ्या दिसायला सारख्याच, पण नीट पाहिलं तर कळतं. माझ्या सपाट झाल्या आहेत. तिच्या प्रत्येक गोळीवर दोन दातांचे बारीक खळगे आहेत. मी त्या एकेक करून बोटांनी चाचपल्या. हातोडी खाली ठेवून पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरुवात केली, तेव्हा ती म्हणाली, "काय झाला, पोटान दुकते का?"

आज सकाळी ओहोटीला खाडीत उतरलो. ती काठावर उपड्या होडीला टेकून बसली. पहिल्यांदा फेकला तो पाग उघडलाच नाही, गाठोडं होऊन पडला. दुसऱ्यांदा माझ्याच गुडघ्यात अडकला. काठावर जयवंतीची नातवंडं हसायला लागली, माझेच विद्यार्थी. तिसऱ्यांदा मी बाबा कसे उभे राहायचे ते आठवलं, डावा पाय पुढे घेतला आणि सोडला. हिलरी, तो उघडला. पुरा गोल उघडला, गोळ्या पाण्यावर एकदम वाजल्या आणि खाली गेल्या.

ओढला तर जड लागला. वर आला तेव्हा आत पाच-सहा बोयटं तडफडत होती. मी काठाकडे पाहिलं. तुझी मामी उठून उभी राहिली होती, कमरेवर हात ठेवून. सगळ्या खाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"मास्तर, हिलरीला लिवा! गोल्या लागू पडल्या!"

तिच्या सांगण्यावरून लिहिलं.

तुझा,
प्लासिडमामा